ब्राँटे कुटुंबाची चरित्रे : आख्यायिका आणि वस्तुस्थिती

साहित्यिकांच्या चरित्रांत आख्यायिकांचा शिरकाव होणे ही नवी गोष्ट नव्हे. ग्रंथ मनात ठसला म्हणजे ग्रंथकाराविषयी कुतूहल निर्माण होते, आणि कुतूहल जितके उत्कट, तितकी मिळेल ती हकिकत खरी मानण्याची प्रवृत्ती बळावते. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात या प्रवृत्तीचे अत्यंत बोधप्रद उदाहरण म्हणजे ब्राँटे कुटुंबाची चरित्रे होत. ओसाड माळरान, तऱ्हेवाईक पिता, व्यसनी भाऊ आणि अल्पायुषी ठरलेल्या तीन प्रतिभाशाली बहिणी, हे चित्र इतके परिचयाचे झाले आहे की, कादंबऱ्या न वाचलेल्या माणसालाही ते ठाऊक असते. या चित्रातील कोणत्या रेषा पुराव्याच्या आणि कोणत्या कल्पनेच्या, हे कसे ठरवावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. आख्यायिका ही बहुधा निव्वळ असत्य नसते. तिला उगम असतो, वाहक असतो आणि हेतूही असतो. म्हणून ती खरी की खोटी, एवढेच विचारून भागत नाही. ती प्रथम कोणी सांगितली, सांगणाऱ्याला ती कशी कळली, आणि ती सांगण्याची त्याला कोणती गरज होती, हे तीन प्रश्न विचारावे लागतात.

प्रथम निर्विवाद तपशील ध्यानी घेतलेला बरा. पॅट्रिक ब्राँटे यांचा जन्म १७७७ साली आयर्लंडमधील डाउन परगण्यात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १८०२ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले आणि पुढे धर्मोपदेशक झाले. १८१२ साली मारिया ब्रॅनवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मारिया, एलिझाबेथ, शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व अ‍ॅन ही त्यांची सहा अपत्ये. १८२० साली हे कुटुंब यॉर्कशायरमधील हॉवर्थ येथे आले आणि पुढच्याच वर्षी मुलांची आई वारली. थोरल्या दोन मुली १८२५ साली निवर्तल्या. १८४६ मध्ये उरलेल्या तिघी बहिणींनी करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या टोपणनावांनी एक काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. १८४७ साली ‘जेन एअर’, ‘वदरिंग हाइट्स’ आणि ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ या कादंबऱ्या निघाल्या. सप्टेंबर १८४८ मध्ये ब्रॅनवेल, त्याच वर्षी डिसेंबरात एमिली आणि मे १८४९ मध्ये अ‍ॅन, असे तिघांचे मृत्यू सुमारे आठ महिन्यांत घडले. शार्लटचा विवाह १८५४ साली आर्थर बेल निकल्स यांच्याशी झाला आणि ३१ मार्च १८५५ रोजी तिचे निधन झाले. पिता मात्र १८६१ पर्यंत हयात होते.

आख्यायिकेची पहिली कर्ती

ब्राँटेविषयक आख्यायिकांचे खापर सामान्यतः मिसेस गॅस्केल यांच्या माथी फोडले जाते. वस्तुतः त्यांचा आरंभ खुद्द शार्लटने केला आहे. डिसेंबर १८५० मध्ये ‘वदरिंग हाइट्स’ व ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ यांची एकत्रित आवृत्ती तिने संपादिली. तीस तिने भगिनींचा चरित्रपर परिचय आणि एमिलीच्या कादंबरीची प्रस्तावना जोडली. आपल्या बहिणी विद्वान नव्हत्या, जगाचा त्यांना अनुभव नव्हता, आणि जे त्यांनी लिहिले ते परिसराच्या व स्वभावाच्या प्रेरणेने लिहिले, असे तिचे प्रतिपादन होते. ‘वदरिंग हाइट्स’ म्हणजे माळावरील खडकातून घडलेली रांगडी मूर्ती, अशा आशयाची प्रतिमाही तिने योजिली.

हे प्रतिपादन कोणत्या परिस्थितीत झाले हे विसरता कामा नये. बेल बंधूंच्या कादंबऱ्या ग्राम्य आणि अनीतिपोषक आहेत, असा आरोप अनेक परीक्षकांनी केला होता. डिसेंबर १८४८ मधील ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’तील ‘जेन एअर’वरील टीका तर विशेष प्रखर होती. मृत भगिनींचा बचाव करण्याचा एकच मार्ग शार्लटला दिसला, तो म्हणजे त्यांना निरागस ठरविणे. तो बचाव बहिणीच्या नात्याने समजण्यासारखा आहे. परंतु पुरावा म्हणून तो एका पक्षकाराची जबानी आहे. एमिलीने १८३८ च्या सुमारास व्हर्जिलच्या काव्याचा अभ्यास केल्याची हस्तलिखित टिपणे उपलब्ध आहेत, आणि १८४२ साली ब्रसेल्स येथे तिने फ्रेंच भाषेत लिहिलेले निबंधही शिल्लक आहेत. अशिक्षित निसर्गकन्येच्या चित्राशी या कागदांचा मेळ बसत नाही.

पित्याच्या तऱ्हेवाईकपणाच्या कथा

शार्लटच्या मृत्यूनंतर जून १८५५ मध्ये पॅट्रिक ब्राँटे यांनी मिसेस गॅस्केल यांना तिचे चरित्र लिहिण्याची विनंती केली. ‘द लाइफ ऑफ शार्लट ब्राँटे’ हा द्विखंडात्मक ग्रंथ मार्च १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्याच पित्याविषयी विलक्षण कथा वाचावयास मिळतात. मुलांसाठी ठेवलेले रंगीत जोडे त्यांनी चैनीचे म्हणून जाळले; पत्नीचा रेशमी झगा फाडून टाकला; मुलांना मांस खाऊ दिले नाही; राग अनावर झाला म्हणजे ते मागील दारातून पिस्तुलाच्या फैरी झाडीत, अशा त्या कथा होत.

या कथांचा माग काढता येतो. १८२१ साली मिसेस ब्राँटे यांच्या अंतिम आजारात शुश्रूषेसाठी ठेवलेली एक बाई पुढे त्या घरात राहिली नाही. तिच्याकडून त्या लेडी के-शटलवर्थ यांच्या कानी गेल्या. १८५० च्या ऑगस्टमध्ये विंडरमीरजवळ त्यांच्याकडे पाहुण्या म्हणून आल्या असता मिसेस गॅस्केल यांना त्या कळल्या. त्याच मुक्कामात शार्लटशी त्यांची पहिली भेट झाली. म्हणजे शार्लटचा पुरता परिचय होण्यापूर्वीच तिच्या पित्याचे चित्र चरित्रकर्त्रीच्या मनात तयार झाले होते, आणि तेही तीस वर्षांपूर्वीच्या एकाच व्यक्तीच्या कर्णोपकर्णी आलेल्या सांगण्यावरून.

या सांगण्याची पारख अन्य साधनांनी करता येते. एमिली व अ‍ॅन या दोघींनी २४ नोव्हेंबर १८३४ रोजी एका कागदावर घरातील त्या दिवसाची टिपणे लिहून ठेवली. त्यात दुपारच्या जेवणासाठी उकडलेले गोमांस, सलगम, बटाटे आणि सफरचंदाचे पुडिंग होणार असल्याचा उल्लेख आहे. किशोरवयीन मुलींच्या या टिपणाला कोणाची बाजू मांडावयाची नव्हती, म्हणूनच त्याचे मोल अधिक. पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. पॅट्रिक ब्राँटे भरलेले पिस्तूल बाळगीत हे खरे. १८१२ साली यंत्रविध्वंसक कामगारांच्या उठावाच्या धामधुमीत ते हार्ट्सहेड येथे नेमणुकीवर होते, त्या काळापासूनची ही सवय होती. त्या बनावटीच्या पिस्तुलातील गोळी झाडूनच काढावी लागे. म्हणून ते सकाळी ती झाडीत. कृती खरी, पण तिच्यामागे लावलेला क्रोध कल्पित. आख्यायिकेचा हा प्रकार सर्वांत फसवा असतो, कारण तिच्यातील एक अंश पडताळला की सगळीच खरी वाटू लागते.

पॅट्रिक यांनी ग्रंथाविषयी एकंदरीत समाधान व्यक्त केले. मात्र आपण काहीसे विक्षिप्त असलो तरी या कथा निराधार आहेत, त्या वगळाव्यात, असे त्यांनी जुलै १८५७ मध्ये चरित्रकर्त्रीला कळविले. ग्रंथात घरातील दोन जुन्या मोलकरणींवर उधळेपणाचा ठपका होता. त्या नॅन्सी व सेअरा गार्स यांना त्यांनी त्याच वर्षी प्रामाणिकपणाचे लेखी प्रशस्तिपत्र दिले. तिसऱ्या आवृत्तीत यांपैकी बराचसा मजकूर गाळण्यात आला; पण तोवर कथा लोकांच्या तोंडी झाल्या होत्या. हॉवर्थमधील पाण्याच्या दुरवस्थेविरुद्ध सरकारकडे दाद मागणारा आणि १८३४ च्या गरिबांविषयीच्या कठोर कायद्याला जाहीर विरोध करणारा लोकसेवक त्या कथांखाली झाकला गेला.

स्थळाचे चित्र

चरित्रकर्त्रीने हॉवर्थ हे जगापासून तुटलेले, जवळजवळ रानटी खेडे म्हणून रंगविले. प्रत्यक्षात तेथे लोकरी कापडाचा धंदा चालत असे आणि गिरण्या होत्या. चार मैलांवरील कीथली येथे १८२५ साली स्थापन झालेली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट होती. घरात ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ आणि लीड्सची वृत्तपत्रे वाचली जात. हॉवर्थचा खरा शाप एकान्त नसून अस्वच्छता हा होता. आरोग्यमंडळाचे निरीक्षक बेंजामिन हर्शल बॅबेज यांच्या १८५० च्या अहवालानुसार तेथील मृतांचे सरासरी वय २५.८ वर्षे होते, आणि शेकडा ४१.६ व्यक्ती वयाची सहा वर्षे पूर्ण होण्याआधीच मरत. ब्राँटे भावंडांचे मृत्यूसमयीचे वय पाहिले तर सहाजणांची सरासरी सुमारे २५ वर्षे येते. या घराण्यावर नियतीचा कोप होता, असे सूचित करणाऱ्या चरित्रांना हे आकडे पुरेसे उत्तर देतात. ब्राँटे कुटुंबाचे दुःख असामान्य नव्हते. ते गावाचेच दुःख होते.

मृत्युपत्र, शाळा आणि कादंबरी

ब्रॅनवेलच्या बाबतीत समकालीन दस्तऐवज किती निर्णायक ठरतो ते दिसते. १८४३ पासून तो थॉर्प ग्रीन येथे रॉबिन्सन कुटुंबात खासगी शिक्षक होता. जुलै १८४५ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. घरच्या यजमानीणबाईंशी आपला प्रेमसंबंध होता, आणि त्यांच्या पतीने मृत्युपत्रात अट घातल्यामुळे वैधव्यानंतरही त्या आपल्याशी विवाह करू शकल्या नाहीत, असे तो सांगत असे. घरच्यांनी ते मानले आणि मिसेस गॅस्केल यांनी बाईंना दोषी धरून ते छापले. बदनामीच्या दाव्याची धमकी येताच त्यांच्या वकिलाने ३० मे १८५७ च्या ‘टाइम्स’मध्ये ती विधाने जाहीरपणे मागे घेतली आणि न खपलेल्या प्रती परत घेण्यात आल्या. मृत्युपत्र तपासले असता त्यात ब्रॅनवेलसंबंधी अशी कोणतीही अट नाही. यावरून प्रेमसंबंध नव्हताच असे सिद्ध होत नाही. अटीची कथा खोटी एवढेच सिद्ध होते. पुराव्याच्या मर्यादेपलीकडे निष्कर्ष न ताणणे हे संशोधकाचे पहिले पथ्य होय. भाऊ सर्वथा निष्फळ ठरला, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. १८४१ पासून ‘हॅलिफॅक्स गार्डियन’मध्ये त्याच्या कविता छापल्या जात होत्या, म्हणजे बहिणींच्या संग्रहाआधी पाच वर्षे तो छापील कवी झाला होता.

कोवन ब्रिज येथील शाळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘जेन एअर’मधील लोवुड शाळा म्हणजे हीच, ही ओळख चरित्राने पक्की केली आणि त्यावरून १८५७ साली वृत्तपत्रांत मोठा वाद झाला. मारिया व एलिझाबेथ या शाळेतून आजारी होऊन परतल्या आणि घरी वारल्या, हे खरे. परंतु शाळेत त्या काळी पसरलेल्या तापाने त्या दगावल्या नाहीत. त्यांचा आजार क्षयाचा होता. शार्लट त्या शाळेत ऑगस्ट १८२४ पासून जून १८२५ पर्यंत होती आणि तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. बालपणीची जखम कादंबरीत कोणत्या रूपाने उतरली हे सांगण्यास कादंबरी समर्थ आहे. शाळेचा इतिहास सांगण्यास नाही. कलाकृतीवरून चरित्र रचावयाचे आणि मग त्याच चरित्राने कलाकृतीचा अर्थ लावावयाचा, हे चक्र ब्राँटे-चरित्रांत वारंवार आढळते.

मौनाने निर्माण झालेले चित्र

आख्यायिका सांगण्याने घडते, तशी न सांगण्यानेही घडते. ब्रसेल्स येथील शिक्षक कॉन्स्टँटिन हेगर यांना शार्लटने लिहिलेल्या पत्रांची माहिती मिसेस गॅस्केल यांना १८५६ साली झाली होती. विवाहित गुरूविषयीची उत्कट ओढ त्या पत्रांत होती. कर्तव्यनिष्ठ, सोशिक कन्येचे चित्र रंगविणाऱ्या चरित्रात तिला जागा नव्हती. म्हणून निवडक, निरुपद्रवी उतारे तेवढे देण्यात आले. उपलब्ध चार पत्रे हेगर यांच्या मुलांनी १९१३ साली ब्रिटिश म्युझियमला अर्पण केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ‘टाइम्स’ने ती प्रसिद्ध केली. त्यांतील काही पत्रे फाडून पुन्हा जोडलेली आहेत. पत्रे फाटलेली आहेत ही वस्तुस्थिती होय. ती कोणी व का फाडली आणि कोणी जोडली, याची हकिकत ही कुटुंबातून आलेली साक्ष होय. या दोहोंचा दर्जा एक नव्हे.

पत्रव्यवहार कोणता टिकला, यावरही चरित्राचा रंग अवलंबून असतो. एलन नसी या धर्मशील मैत्रिणीने शार्लटची शेकडो पत्रे जतन केली. १८५४ साली निकल्स यांनी ती जाळून टाकण्याचा आग्रह धरला असताही तिने ती जाळली नाहीत. उलट स्वतंत्र विचारांच्या मेरी टेलरने आपल्याकडील जवळजवळ सर्व पत्रे नष्ट केली. साहजिकच चरित्रांत जी शार्लट दिसते ती बहुतांशी एलनशी बोलणारी शार्लट आहे. मेरीशी ती कोणत्या विषयांवर किती मोकळेपणाने बोलत होती, हे सांगणारा कागद जवळजवळ उरलाच नाही. उपलब्ध साधन म्हणजे संपूर्ण साधन नव्हे, हे ध्यानात ठेवावे लागते.

हस्तलिखितांचे प्रमाद

१८९५ साली क्लेमंट शॉर्टर यांनी आयर्लंडमध्ये निकल्स यांच्याकडून हस्तलिखिते मिळविली. ती टॉमस वाइज यांच्यासाठी घेतलेली होती. वाइज यांनी कित्येक हस्तलिखिते सुटी करून, नव्याने बांधून निरनिराळ्या संग्राहकांना विकली. एका भावंडाचे लेखन दुसऱ्याच्या नावावर गेले, आणि एकाच वहीची पाने दूरदूरच्या ग्रंथालयांत विखुरली. अन्य ग्रंथकारांच्या तथाकथित दुर्मीळ पुस्तिका बनावट असल्याचे कार्टर व पोलार्ड यांनी १९३४ साली दाखवून वाइज यांची अप्रतिष्ठा उघड केली. तोवर ब्राँटे-अभ्यासाचा पाया त्यांनी पुरविलेल्या पाठांवरच उभा राहिला होता. एमिलीच्या कवितांचा विश्वसनीय पाठ हॅटफील्ड यांच्या १९४१ च्या आवृत्तीने, आणि शार्लटच्या पत्रांचा पाठ मार्गारेट स्मिथ यांच्या १९९५ ते २००४ या काळातील तीन खंडांनी दिला.

वाचनदोषातून चरित्र कसे घडते, याचा एक नमुना पदव्युत्तर विद्यार्थ्याने कायम स्मरणात ठेवावा. व्हर्जिनिया मूर यांनी १९३६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एमिलीच्या चरित्रात तिचा ‘लुई पॅरेन्सेल’ नावाचा प्रियकर असल्याची शक्यता मांडली. हे नाव त्यांना एका कवितेच्या हस्तलिखितावर आढळले होते. वस्तुतः ते नाव नसून शार्लटच्या हस्ताक्षरातील ‘लव्हज फेअरवेल’, म्हणजे प्रेमाचा निरोप, हे शीर्षक होते. दोन शब्द चुकीचे वाचले गेले आणि एक माणूस जन्मास आला.

अनुमानाचे विधान कसे होते, याचेही उदाहरण आहे. प्रकाशक न्यूबी यांचे फेब्रुवारी १८४८ चे एक पत्र एमिलीच्या लेखनपेटीत सापडले. त्यात पुढील कादंबरीचा उल्लेख आहे. यावरून एमिली दुसरी कादंबरी लिहीत असावी, असे अनुमान योग्य ठरते. मात्र ती कादंबरी शार्लटने जाळली, असे पुढे ठामपणे लिहिले जाऊ लागले. जाळल्याचा पुरावा नाही. ‘असावी’पासून ‘होती’पर्यंतचा हा प्रवास टिपा न तपासता केलेल्या पुनरुक्तीतून घडतो.

ग्रंथांची झालेली हानी

हा सर्व खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. चरित्र चुकले तर वाङ्मय थोडेच बदलते, असा युक्तिवाद केला जातो. ब्राँटे भगिनींच्या बाबतीत तो टिकत नाही. अ‍ॅन ही सौम्य, दुय्यम बहीण, ही प्रतिमा शार्लटने रूढ केली. ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ जतन करण्याजोगी नाही, असे मत तिने १८५० साली प्रकाशकांना कळविले. शार्लट हयात असताना त्या प्रकाशकांनी ती पुन्हा काढली नाही. १८५४ साली अन्यत्र निघालेल्या स्वस्त आवृत्तीत प्रारंभीच्या पत्रासह पुष्कळ मजकूर वगळण्यात आला, आणि तोच छाटलेला पाठ पुढे दीर्घकाळ छापला गेला. मद्यपी पतीला सोडून मुलासह स्वतंत्र राहणाऱ्या स्त्रीची ही कादंबरी वाचकांना पिढ्यान्‌पिढ्या अपुऱ्या रूपात मिळाली, आणि मग तीच अ‍ॅनच्या दुय्यमत्वाचा दाखला ठरली.

एमिलीवर वेगळा अन्याय झाला. निसर्गकन्येच्या हातून रचनेचे कौशल्य संभवत नाही, म्हणून कोणी ‘वदरिंग हाइट्स’ला अनघड म्हटले, तर कोणी ती ब्रॅनवेलची असल्याचा दावा १८६७ पासून पुढे केला. सी. पी. सँगर या कायदेपंडितांनी १९२६ साली कादंबरीतील कालक्रम, दोन घराण्यांच्या वंशावळी आणि वारसाहक्काचा कायदा तपासून तिची बांधणी किती काटेकोर आहे ते दाखविले. हा पुरावा कादंबरीत प्रथमपासून होता. आख्यायिकेने झाकलेली दृष्टी तिकडे वळण्यास एकोणऐंशी वर्षे लागली.

ज्युलिएट बार्कर यांचे १९९४ मधील बृहद्‌चरित्र समकालीन वृत्तपत्रे व नोंदी यांच्या आधारे उभे राहिले, आणि लुकास्टा मिलर यांनी २००१ साली या आख्यायिकांचाच इतिहास लिहिला. असे असले तरी दुसऱ्या टोकाचा धोका उरतोच. मिसेस गॅस्केल यांचा ग्रंथ सर्वस्वी त्याज्य मानणे, वा पॅट्रिक ब्राँटे यांना निर्दोष संत ठरविणे, ही नव्या आख्यायिकेची सुरुवात होय. शार्लटला प्रत्यक्ष ओळखणाऱ्या, तिच्या घरी राहून आलेल्या आणि तिच्या मैत्रिणींची पत्रे हाताळलेल्या लेखिकेची साक्ष मोलाचीच आहे. ती कोणत्या बाबतीत प्रत्यक्ष आणि कोणत्या बाबतीत ऐकीव, हे वाक्यागणिक वेगळे करावे लागते. चरित्रातील प्रत्येक विधानामागे त्याचा पहिला सांगणारा उभा करावा आणि त्याला काय ठाऊक असणे शक्य होते ते विचारावे. त्या प्रश्नाला उतरलेले विधान घ्यावे. न उतरलेले आख्यायिका म्हणून नोंदवावे, आणि ती कोणाच्या गरजेतून जन्मली तेही लिहावे. कारण वस्तुस्थिती व्यक्तीविषयी सांगते. आख्यायिका त्या व्यक्तीकडे पाहणाऱ्या काळाविषयी सांगते, आणि वाङ्मयेतिहासाला दोहोंची गरज असते.